नानकटाईआधीची दोन रात्रींची मेहनत

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरातला ओव्हन मी स्वतः साफ केला. हे सांगताना जरा ओशाळायला होतं, कारण लग्नाला तीस वर्षं होऊन गेली, पण तोवर स्वयंपाकघरात चहाच्या कपापलीकडे मी काही विसळलं नव्हतं. ओव्हन म्हणजे मायक्रोवेव्ह नव्हे. पुढे काचेचं दार, आत वर-खाली तापणाऱ्या दांड्या, असा जुना विजेचा ओव्हन.

पत्नीला दमा आहे. शेवटचा ओव्हन लावला तेव्हा आतल्या जुन्या तुपातेलाचा असा काही धूर झाला की ती रात्रभर खोकत होती. मग ओव्हन बंदच झाला. त्याच्या डोक्यावर माझे दिवाळी अंक चढले. यंदा नातीनं दादीच्या हातची नानकटाई मागितली, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे पाहू लागलो.

दुकानदारानं फवाऱ्याची बाटली दिली. लेबल वाचलं, तर कॉस्टिक सोडा. त्याचा फवारा घशाला आणि डोळ्यांना झोंबतो. दम्याच्या माणसाच्या घरात तो कसा मारणार? बाटली परत केली.

आतलं काळं कवच घासून निघेना. का, तर ती नुसती घाण नसते. तेल वारंवार तापलं की हवेतला ऑक्सिजन त्याच्याशी जोडला जातो, तेलाचे रेणू एकमेकांत गुंततात आणि शेवटी त्याचं रोगणासारखं कडक पापुद्र्यात रूपांतर होतं. जवसाचं तेल वाळून रंग पक्का होतो, तोच हा प्रकार. ताज्या तेलाला साबण पुरतो, या पापुद्र्याला नाही. त्याला क्षार लागतो, म्हणजे तो हळूहळू सैल होतो. खायचा सोडा हा सौम्य क्षार. सौम्य म्हणूनच त्याला वेळ द्यावा लागतो.

तेव्हा आधी प्लग काढला. जाळी आणि ट्रे बाहेर घेतले, तळाचा भुगा झाडला. अर्धी वाटी सोड्यात दोन-तीन चमचे पाणी घालून मेहंदीइतका घट्ट लेप केला आणि आतल्या भिंतींना लावला. दांड्यांना मात्र नाही. रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी मुदत संपलेल्या प्लास्टिकच्या कार्डानं खरवडलं, तर तपकिरी चिखल निघाला. तारेची घासणी वापरली नाही, ओरखडे पडले की पत्रा गंजतो. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच.

शेजारच्या भाभींनी सोड्यातच व्हिनेगर ओतायला सांगितलं होतं. फेस छान येतो, पण तो कार्बन डायऑक्साइडचा. दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि हाती जवळजवळ साधं खारट पाणी उरतं. व्हिनेगरचा उपयोग नंतर. सोड्याची पांढरी पूड मागे राहते, ती व्हिनेगरच्या ओल्या फडक्यानं पुसून निघते. ट्रे अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर धुण्याचा सोडा त्याच्या जवळही नेऊ नका, काळा पडतो. कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण पुरे.

खरी भीती दांड्यांची. धातूच्या नळीत तापणारी तार असते आणि तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड. ही पूड ओलावा शोषते. वर्षानुवर्षं बंद राहिलेला ओव्हन, त्यात पावसाळी हवा. मग वीज बाहेरच्या पत्र्यात उतरू शकते. म्हणून दांड्या फक्त कोरड्या फडक्यानं पुसल्या, दिवसभर दार उघडं ठेवलं. अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटमध्येच प्लग लावला आणि मंद आचेवर अर्धा तास रिकामाच तापवला. वीज खटकन बंद पडली किंवा पत्र्याला झिणझिण्या आल्या, तर थांबायचं आणि वायरमनला बोलवायचं.

त्या अर्ध्या तासापुरतं मी पत्नीला भाभींकडे पाठवलं होतं. खिडक्या उघड्या ठेवून मी एकटाच ओव्हनसमोर बसलो. किंचित वास आला, धूर नाही. ती परतली ती उंबऱ्यातच थांबली. दोनदा श्वास घेऊन पाहिला. मग आत वाकून मागच्या भिंतीवरचा एक तांबूस डाग बोटानं दाखवला. तो काही केल्या निघाला नव्हता.

"राहू दे तो," ती म्हणाली. "तुम्ही तूप बाहेर काढून ठेवा, घट्ट झालं असेल."