न पाहिलेला ग्रह

ज्या ग्रहाविषयी आज बोलायचे आहे, तो आजवर कुणी पाहिलेला नाही. नाव असे, की कवितेच्या कुठल्याच ओळीत बसू नये: ओजीएलई-२००५-बीएलजी-३९०-एलबी. पण हे नाव म्हणजे त्याचा पत्ताच आहे. ओजीएलई ही पोलंडच्या खगोलशास्त्रज्ञांची शोधमोहीम. २००५ हे साल. बीएलजी म्हणजे आकाशगंगेचा फुगीर मध्यभाग आणि ३९० हा त्या वर्षीच्या घटनेचा क्रमांक. ‘एल’ म्हणजे भिंग आणि ‘बी’ म्हणजे त्याच्यासोबतचा ग्रह.

भिंग कसले? दूरचा एक तारा आणि आपण यांच्या नेमका मध्ये दुसरा तारा आला, तर मधल्याचे गुरुत्वाकर्षण मागच्याचा प्रकाश वाकवून आपल्याकडे एकवटते. मधला तारा मंद असेल तर दिसतही नाही, मागचा मात्र काही दिवस उजळतो. आइन्स्टाइन यांनी १९३६ साली हे गणित प्रसिद्ध केले, तेही मांडल नावाच्या अभियंत्याने गळ घातली म्हणून! आणि हे प्रत्यक्ष दिसण्याची आशा नाही, असेही लिहून टाकले. त्यांना तरी काय दोष द्यावा? दहा लाख ताऱ्यांत एखाद्याच्याच वाट्याला हा योग येतो. कोट्यवधी तारे रात्रीमागून रात्री मोजणारी यंत्रे पुढे कित्येक वर्षांनी आली.

जुलै २००५ मध्ये असाच एक तारा उजळू लागला. ३१ जुलैला तो तिप्पट तेजस्वी झाला आणि मग उतरणीला लागला. इथवर नेहमीचेच. पण १० ऑगस्टच्या सुमारास उतरत्या आलेखावर एक लहानसा उंचवटा आला आणि जेमतेम अर्धा-एक दिवस टिकून गेला. मोठ्या भिंगाजवळ एक चिमुकले भिंगही होते. तोच हा ग्रह.

मला खरे नवल वाटते ते पहाऱ्याचे. चिलीत उजाडले की तिथल्या दुर्बिणी आंधळ्या होतात. मग न्यूझीलंड आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियातले पर्थ यांनी नजर लावायची. त्या एका दिवशी ही साखळी तुटली असती, तर तो उंचवटा निसटला असता. तो पुन्हा येणारा नव्हता.

जानेवारी २००६ मध्ये शोध जाहीर झाला. अंतर वीस हजार प्रकाशवर्षांहून अधिक, वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे साडेपाचपट, तापमान उणे २२० अंश सेल्सिअसच्या आसपास. त्याचा तारा आपल्या सूर्याच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याचा. एवढा लहान आणि थंड ग्रह परक्या ताऱ्याभोवती तोवर सापडला नव्हता.

एका उंचवट्यावरून एवढे सांगायचे, तर शंका येणारच. तिचे निरसन २००५ च्याच दुसऱ्या एका घटनेत, क्रमांक १६९ मध्ये झाले. तिथले दोन तारे काही वर्षांत एकमेकांपासून सरकले. हबल आणि केक दुर्बिणींना ते वेगळे दिसले आणि भिंग झालेल्या ताऱ्याचा स्वतःचा प्रकाश मोजता आला. २०१५ मध्ये ही मोजमापे प्रसिद्ध झाली. ती ग्रह मानून मांडलेल्या गणिताशी जुळली.