चाळिशीतली 'दिल्ली'

निगडी प्राधिकरणातल्या आमच्या इमारतीचा पाण्याचा पंप कुरकुरायला लागला की प्लंबरच्या आधी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना हाक जाते. काका येतात, स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवतात, मूठ कानाशी लावतात आणि डोळे मिटतात. ही विद्या त्यांनी इथल्या कारखान्यांत नाही, नौदलात मिळवली. आधी जुन्या मुंबई रस्त्याने वर गेलं की लागणाऱ्या लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजी या प्रशिक्षण तळावर आणि मग 'दिल्ली'वर.

'दिल्ली' म्हणजे क्रूझर जातीची युद्धनौका. काका तिच्यावर चढले तेव्हा ते विशीत होते आणि ती चाळिशीची.

तिचं पाळण्यातलं नाव 'अकिलीझ'. पहिल्या महायुद्धानंतर बड्या राष्ट्रांनी करार करून एकमेकांच्या आरमारांना वेसण घातली. १९३० च्या लंडन कराराने क्रूझरांच्या एकूण वजनावरही मर्यादा आली. ब्रिटनची पंचाईत अशी की जगभर पसरलेले व्यापारी मार्ग राखायला जहाजं पुष्कळ हवीत आणि टनांचं रेशन मोजकं. म्हणून सात हजार टनांच्या आसपासची, सहा इंची तोफांची 'लिअँडर' जातीची जहाजं निघाली. अकिलीझ त्यांतलीच. बर्कनहेडच्या कॅमेल लेअर्ड गोदीतून १९३२ मध्ये पाण्यात उतरली, १९३३ मध्ये सेवेत आली. लांबी सुमारे १६९ मीटर. आपल्या भक्ती-शक्ती चौकातला १०७ मीटरचा ध्वजस्तंभ तिच्या डेकवर आडवा ठेवला तर दोन-तृतीयांश लांबीही भरणार नाही. इंजिनांची ताकद ७२,००० अश्वशक्ती, वेग ताशी साठ किलोमीटरच्या घरात.

१९३६ मध्ये तिची रवानगी न्यूझीलंडला झाली. शांततेच्या काळातलं क्रूझरचं काम तसं पोलीसपाटलासारखं. बेटाबेटांवर जायचं, निशाण दाखवायचं, अडल्यानडल्याला उभं राहायचं. जुलै १९३७ मध्ये अमेरिकन वैमानिक अमेलिया एअरहार्टचं विमान प्रशांत महासागरावर बेपत्ता झालं, तेव्हा अकिलीझच्या रेडिओ ऑपरेटरांना काही अस्पष्ट संदेश ऐकू आले. ते अमेलियाचेच होते का, यावर अभ्यासक अजून भांडतात.

अकिलीझचं नाव झालं ते मात्र एका सकाळच्या जेमतेम दीड तासामुळे. १३ डिसेंबर १९३९ ला दक्षिण अमेरिकेजवळ एक्झेटर, एजॅक्स आणि अकिलीझ या तीन क्रूझरांची गाठ अकरा इंची तोफांच्या 'ग्राफ श्पे' या जर्मन युद्धनौकेशी पडली. अकिलीझवर चार जण ठार झाले, कॅप्टन पॅरी यांच्या पायांत लोखंडाचे तुकडे घुसले. चार दिवसांनी जर्मनांनी आपलं जहाज मॉन्टेव्हिडिओबाहेर स्वतःच्या हातांनी बुडवलं. पुढे १९४३ मध्ये ग्वाडलकनालजवळ बॉम्ब पडून अकिलीझचा एक टरेट, म्हणजे तोफांचा फिरता बुरूज, कामातून गेला. आपल्याकडे ती आली ती आठाऐवजी सहा मोठ्या तोफा घेऊन.

५ जुलै १९४८ ला ती भारतीय नौदलाची 'दिल्ली' झाली. पुढच्याच महिन्यात आपल्या नौदलाची सूत्रं हाती घेणारे अधिकारी कोण, तर हेच पॅरी! ज्या जहाजावर रक्त सांडलं तेच आपल्या नव्या ताफ्यात उभं, हे पाहून त्यांना काय वाटलं असेल? १९५० मध्ये पंडित नेहरू तिच्यावरून इंडोनेशियाला गेले. १९५६ च्या 'द बॅटल ऑफ द रिव्हर प्लेट' या चित्रपटात अकिलीझची भूमिका तिनेच केली. डिसेंबर १९६१ मध्ये तिने पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या दीववर तोफा डागल्या.

काकांना यातलं बरंचसं निवृत्तीनंतर वाचून कळलं. त्यांची दिल्ली बॉयलररूममधली. 'फ्लॅश अप'चा हुकूम आला की बर्नर पेटवायचा आणि धुराकडे लक्ष ठेवायचं. काळा धूर म्हणजे हवा कमी, पांढरा म्हणजे हवा जास्त. वरून ब्रिजवरचा साहेब ओरडायच्या आत हवा सारखी करायची. खरी भीती धुराची नव्हे, वाफेची. उच्च दाबाची वाफ फुटली की नुसती शिट्टी ऐकू येते, डोळ्यांना काही दिसत नाही.

"मग गळती सापडायची कशी, काका?"

"केरसुणीच्या दांड्याने. दांडा पुढे धरून पाइपाच्या कडेकडेने चालत जायचं. दांड्याचा तुकडा पडला की समजायचं, इथंच आहे. हात कधी पुढे करायचा नाही."

३० जून १९७८ ला दिल्ली निवृत्त झाली आणि मग तोडली गेली. तिचा एक टरेट मात्र आपण न्यूझीलंडला भेट दिला, तो आज ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळावर उभा आहे. काकांच्या भाच्याने तिथून फोटो पाठवला. टरेटला छान राखाडी रंग, तोफा आकाशाकडे. काकांनी मोबाइलवर तो दोन बोटांनी मोठा केला, पुन्हा लहान केला.

"वरचं ठेवलंय," ते म्हणाले, "आमचं खालचं कोण ठेवणार!" आणि पंपाचं बेअरिंग आणायला मला टिळक चौकात पिटाळलं.