बाटली डचांची, बाई गुजरातची

उंची वीतभराहून कमी, चार बाजू सपाट, खांदे किंचित उतरते, मान आखूड. काच निव्वळ पांढरी नाही. उजेडात धरली तर हिरवट-करडी झाक दिसते आणि आत सुईच्या टोकाएवढे बुडबुडे. एका बाजूवर सोनेरी महिरप. महिरपीखाली लोडाला टेकून बसलेली एक स्त्री, अंगावर पिवळी ओढणी, हातात हुक्क्याची नळी. बाटली फिरवली की पुढच्या बाजूवर मुळापासून शेंड्यापर्यंत उभे असलेले एकच फुलझाड. पुन्हा फिरवली की दुसरी स्त्री, या वेळी हातात पेला. खांद्यांवर सोन्याची वेलबुट्टी, तीही अशी की वेल कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते सापडू नये.

अशा बाटल्या आज न्यूयॉर्क, लंडन, लॉस एंजेलिस, कोपनहेगन इथल्या संग्रहालयांत आहेत. खालच्या चिठ्ठीवर बहुधा एवढेच लिहिलेले असते: गुजरात, अठरावे शतक. चित्रकाराचे नाव नाही, गावाचे नाही. बाई मात्र अडीचशे-तीनशे वर्षे निवांत हुक्का ओढते आहे.

हा लेख तिच्याविषयी आहे, आणि तिला काचेवर बसवणाऱ्या हाताविषयी.

आधी बाटलीचे बघू. हा आकार आपल्याकडचा नाही. आपली कुपी, झारी, सुरई, गुलाबदाणी, सगळ्या गोल किंवा पोटाळ. चौकोनी बाटली जन्माला आली ती सोयीपोटी. लाकडी पेटीत खण पाडायचे आणि खणात बाटल्या ठासून बसवायच्या. गोल बाटली जागा खाते आणि जहाज हलले की खुळखुळते, चौकोनी ठाम राहते. डच आणि इंग्रज जहाजांवर मद्य अशा पेट्यांतून चाले. म्हणजे कलाप्रेमी ज्याच्यापुढे थबकतात ते मुळात बारदान होते. दारू संपली की उरणारे.

बारदान उतरायचे कुठे? सुरतेला. मराठी माणसाला सुरत म्हटली की पहिल्यांदा लूट आठवते. जानेवारी 1664 आणि ऑक्टोबर 1670. पण सुरत आधी मुघलांचे मुख्य बंदर होते. इंग्रज कप्तान हॉकिन्सचे जहाज 1608 मध्ये तिथे लागले, 1613 मध्ये इंग्रजांना वखारीचे फर्मान मिळाले, तीनेक वर्षांत डचांनीही बस्तान बसवले. मोठी जहाजे तापीच्या मुखाबाहेर सुवाळीला नांगर टाकत आणि माल होड्यांतून शहरात येई. मुघल अधिकाऱ्यांना खूश ठेवणे हा वखारवाल्यांचा नित्याचा उद्योग. नजराण्यांत आरसे, काचेची भांडी, मद्याच्या पेट्या असत. 1664 च्या लुटीत इंग्रज आणि डच वखारींनी बंदुका सरसावून आपली मालमत्ता वाचवली. त्या कोठारांत अशा किती पेट्या होत्या, कोण जाणे.

काच इथे नवलाची नव्हती, हेही सांगायला हवे. खेडा जिल्ह्यातल्या कपडवंजला काचेच्या भट्ट्या होत्या. तिथले कारागीर खाऱ्या मातीतल्या क्षारापासून बांगड्या काढत, फुगे फुंकून त्यांना आतून कथील-शिशाचा लेप देत आणि ते फोडून आरसे बनवत. कच्छी घागऱ्यावरचे आभले म्हणजे अशाच फुग्याचा तुकडा, म्हणून ते किंचित बाकदार असतात. पण स्वच्छ, पातळ, सारख्या जाडीची काच ही दुसरी गोष्ट. तिला चांगली वाळू, शुद्ध क्षार आणि दमदार भट्टी लागते. गुजरातेतल्या श्रीमंतांना हवी होती तशी काच विलायतेहून येई, आणि ज्याला रंग येतो तो त्या काचेला हात लावी. दोन देशांतल्या कामगारांनी एकमेकांना न पाहता मिळून केलेली ही वस्तू असावी.

आता हाताचे. काचेवर रंगवायच्या दोन वाटा. एक मीनाकारीची. मीना म्हणजे दळलेली रंगीत काच. धातूंची ऑक्साइडे मिसळून तिला लाल, पिवळी, हिरवी करायची, डिंकाच्या पाण्यात कालवून कुंचल्याने लावायची आणि बाटली पुन्हा भट्टीत घालायची. खरी कसोटी इथे. रंगाची काच वितळली पाहिजे आणि बाटलीची मात्र मऊ पडता कामा नये. दोन्हींच्या वितळण्यातले अंतर फार नाही. आच थोडी चढली की बाटली मान टाकते, थोडी कमी पडली की रंग पावडरीसारखा सुटतो. थंड होताना बाटली आणि रंग सारख्या प्रमाणात आकसले नाहीत तर महिन्याभराने बाईच्या ओढणीचा टवका उडतो. हे सगळे उष्णतामापक यंत्राशिवाय, भट्टीच्या तोंडाशी दिसणाऱ्या लालीवरून ओळखायचे.

दुसरी वाट सोपी आणि फसवी: गार रंग. कागदावरच्या चित्राला चालतो तसाच जाड रंग काचेवर लावायचा, सोन्याची भुकटी चिकटवायची, भट्टीला रामराम. दिसते सुंदर, टिकत नाही. आमच्या मावशीने एका सुट्टीत 'ग्लास पेंटिंग'चा वर्ग लावला होता. ट्यूबमधून काळ्या रेघा ओढायच्या आणि आत रंग भरायचे. सरबताच्या सहा पेल्यांवर तिने मोर काढले. पाहुण्यांनी कौतुक केले, मोलकरणीने राखेने घासले, आणि संध्याकाळी मोरांचे नुसते पाय उरले. गुजरातेतल्या चित्रकाराला हा धोका कळत असणार. म्हणूनच अशी भांडी अत्तर, गुलाबपाणी, शोभा यांसाठी. रोज घासायच्या वाट्याला न जाणारी.

काही बाटल्यांवर या दोन्ही वाटा एकत्र चालतात. चेहरा आणि फूल भाजलेल्या मीन्याचे, सोने वरून गार. त्यामुळे आज चेहरा शाबूत असतो आणि महिरप अर्धी झिजलेली.

चित्राची घडण मात्र काचवाल्याची नाही. उभे एकटे फुलझाड जहांगीर-शाहजहानच्या काळी मुघल चित्रांत रुजले आणि त्यावर युरोपातल्या वनस्पतिग्रंथांचा संस्कार होता. (सुरतेच्या डच कब्रस्तानातले सर्वांत भपकेबाज थडगे व्हान ऱ्हीडचे आहे, 'होर्तुस मलबारिकुस' या बारा खंडांच्या वनस्पतिग्रंथाचा कर्ता, 1691 मध्ये तो मुंबईजवळ समुद्रावर वारला. डचांना इथल्या फुलांचे वेड होते आणि इथल्यांना त्यांच्या बाटल्यांचे.) बसलेली बाई मात्र दरबारी चित्रापेक्षा साधी. डोळा मोठा, हनुवटी ठळक, बोटे दोन फटकाऱ्यांत उरकलेली. पोथीच्या पानावर चित्रकाराला बसून दुरुस्ती करता येते; गुळगुळीत काचेवर कुंचला घसरतो, कागदासारखी ती रंग पिऊन घेत नाही. रेघ एकदाच ओढायची. मला ती घाई या चित्रांचा दोष वाटत नाही. उलट तिथेच हात दिसतो.

या वस्तूंचा अभ्यास करणाऱ्यांत एक मराठी नाव अग्रभागी आहे. सिरपूर, त्रिपुरी, कौंडिण्यपूर इथे उत्खनन करणाऱ्या डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचा 'हिस्टरी ऑफ इंडियन ग्लास' हा ग्रंथ 1969 मध्ये मुंबई विद्यापीठाने काढला. मण्यांपासून हुक्क्याच्या बैठकीपर्यंत भारतीय काचेचा सलग इतिहास एका माणसाने मांडावा हे तेव्हा धाडसाचे होते. चारच वर्षांनी सायमन डिग्बी या इंग्रज अभ्यासकाने या काचेवर निबंध लिहिला आणि शीर्षकात 'मुघल' हा शब्द अवतरणचिन्हांत टाकला. त्या दोन चिन्हांत सगळा वाद आहे. काच कुठे फुंकली, रंग कुठे चढला, आणि विकत कोणी घेतली, ही तीन वेगळी उत्तरे असताना एकच विशेषण पुरेल का? माझ्या मते पुरत नाही. अठराव्या शतकात दिल्लीचा बादशहा नावापुरता उरला होता. सुरतेचा किल्ला 1759 मध्ये इंग्रजांकडे गेला. बाटली विकत घेणारा सुरतेचा सावकार असेल, कच्छचा राव असेल, मराठा सरदारही असेल. तिला मुघल म्हणणे ही सवय आहे. गुजराती म्हणणे निदान चित्रकाराच्या जास्त जवळ जाते.

कच्छचा राव म्हटल्यावर भूज आठवतेच. राव लखपतजींनी अठराव्या शतकाच्या मध्याला तिथे आयना महाल बांधवून घेतला, रामसिंह मालम या कारागिराकडून. जहाज फुटले, डचांनी वाचवले, मग तो वर्षानुवर्षे हॉलंडमध्ये राहून काच, घड्याळे आणि मीनाकारी शिकून आला, असे कच्छची परंपरा सांगते. या सगळ्या कहाणीत नाव उरलेला कारागीर हा एकच, आणि तेही राजाश्रयामुळे. 26 जानेवारी 2001 च्या भूकंपात त्या महालाचे फार नुकसान झाले.

पुढे रंग काचेच्या पाठीवर गेला. चीनशी व्यापार करणाऱ्या पारशी आणि गुजराती व्यापाऱ्यांबरोबर कँटनची काचचित्रे पश्चिम किनाऱ्याला आली, मागून चिनी चित्रकारही आले. इथे सगळा क्रम उलटा. चित्र मागून काढायचे आणि पुढून पाहायचे, म्हणून आधी डोळ्याची बाहुली, नथ, कपाळाची टिकली, मग चेहरा, मग शालू, आकाश सर्वांत शेवटी. नथ विसरली तर विसरली, ती नंतर घालता येत नाही. आरशावर काढायचे असेल तर पाऱ्याचा लेप तेवढ्या आकारापुरता खरवडून तिथे रंग भरत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात काचचित्रे आहेत. समोर उभे राहून, आधी कुठली रेघ ओढली असेल याचा अंदाज बांधत ती पाहावीत.

मग छापील तसबिरी आल्या, बोहेमिया आणि बर्मिंगहॅमची तयार नक्षीची काच आली, व्यापार मुंबईला गेला. 1837 मध्ये सुरत आगीत होरपळली आणि त्याच वर्षी तापीने उरलेसुरले धुतले. घराघरांतल्या कपाटांचे काय झाले असेल, हे सांगायला नको. आज त्या शहरात हिरे घासले जातात, जर ओढली जाते, लिंबायत-उधन्यात खानदेशी मराठी ऐकू येते. काच रंगवणारी गल्ली कोणी दाखवत नाही.

म्हणून एक विनंती. दिवाळीच्या साफसफाईत वाड्याच्या फडताळातून, पणजीच्या पेटीतून एखादी आखूड मानेची चौकोनी बाटली निघाली आणि तिच्यावर सोन्याचा पुसट माग दिसला, तर तिला पाणी लावू नका, साबण तर नकोच. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झटका, चारही बाजूंचे फोटो काढा, आणि ती घरात कुठून आली हे आजीला आजच विचारून कागदावर लिहून ठेवा.