अधिवृक्कातील गाठीचे कुळ

चाकणच्या वा भोसरीच्या कारखान्यातील वार्षिक तपासणीत ज्याचा रक्तदाब दोन-तीन औषधांनाही दाद देत नाही, अशा कामगाराला पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात धाडावे आणि तेथे मूत्रपिंडाच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथीत, म्हणजे अ‍ॅड्रिनलमध्ये, गाठ आढळावी, हे असंभवनीय नाही. परंतु तेवढ्याने निदान पुरे होत नाही. ही ग्रंथी वस्तुतः एकाच आवरणात नांदणाऱ्या दोन कुळांची आहे. बाहेरचा थर कॉर्टिसॉलसारखी स्टेरॉइडे निर्माण करतो. आतील गाभा चेतापेशींच्या वंशातला असून अ‍ॅड्रिनलिन स्रवतो. शिवाय फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशीही रक्तावाटे येऊन येथे ठाण मांडतात, आणि नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगांत या साऱ्या कित्येकदा इतक्या सारख्या दिसतात की निष्णात विकृतिशास्त्रज्ञालाही केवळ रूपावरून निवाडा देता येत नाही.

तो निवाडा प्रतिपिंडांच्या साहाय्याने होतो. ज्या १९४१ साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय उघडले आणि डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी तेथील प्रयोगशाळांची धुरा घेतली, त्याच सुमारास अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी प्रतिपिंडाला चकाकणारे रंगद्रव्य जोडून ऊतीतील इष्ट पदार्थ हुडकण्याची युक्ती सिद्ध केली. आज बहुधा एंझाइम जोडतात, आणि प्रतिपिंड चिकटतो तेथे तपकिरी रंग उमटतो.

एसएफ-१, इनहिबिन व मेलान-ए या प्रथिनांच्या प्रतिपिंडांचे रंग उमटले तर गाठ बाह्य थराची. क्रोमोग्रॅनिन उमटले आणि ते तिन्ही कोरे राहिले तर गाभ्याची, म्हणजे फिओक्रोमोसायटोमा. सिनॅप्टोफिझिन मात्र दोन्ही कुळांत उमटत असल्याने, त्या एकट्याच्या भरवशावर दिलेला निर्णय फसवा ठरतो. म्हणून अनेक रंगांची एकत्र साक्ष घेणे मला अपरिहार्य वाटते. फिओक्रोमोसायटोमाची शंका रक्त-लघवीच्या तपासणीने फिटल्यावाचून मात्र गाठीत सुई घालू नये. रक्तदाब एकाएकी भडकून प्राणावर बेतू शकते.

एसडीएचबी या प्रथिनाचा रंग गाठीच्या पेशींतून लोपलेला आढळल्यास रोग आनुवंशिक असण्याची शंका बळावते, आणि मग मराठवाड्यातल्या वा विदर्भातल्या गावी राहिलेल्या भावंडांचीही तपासणी करावी लागते. यास्तव ज्यांची अशी शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी दुसरा सल्ला घेताना केवळ अहवालाचा कागद नव्हे, तर गाठीचा तुकडा ज्यात जतन केलेला असतो तो मेणाचा ब्लॉकही रुग्णालयाच्या दप्तरातून मागून सोबत न्यावा. नवे रंग त्यावरच चढविता येतात.