हवेची दिशा

घरात मिरचीची फोडणी पडली की पहिला ठसका लागतो तो बाहेरच्या खोलीत बसलेल्या पाहुण्याला. दार लोटून घेतले तरी फटीतून खाट यायची ती येतेच. पण ओट्यावरचा एक्झॉस्ट पंखा लावा आणि स्वयंपाकघराच्या दाराशी पेटती उदबत्ती धरून पाहा. धूर आत वळतो. आता दार किलकिले राहिले तरी पाहुणा सुखरूप!

प्लुटोनियमसारखा जहाल पदार्थ कोंडून ठेवण्याची युक्तीही मुळात हीच आहे, असे सांगितले तर आपल्याला गंमत वाटेल. प्लुटोनियमचे अल्फा किरण साध्या कागदानेही अडतात. पण त्याची बारीक धूळ श्वासावाटे फुप्फुसात गेली, की ती वर्षानुवर्षे तिथे मुक्काम ठोकते. म्हणून पहारा ठेवायचा तो हवेवर.

भिंती कितीही जाड बांधा, खोल्यांना दारे लागतात, नळांना आणि तारांना भोके लागतात. तेव्हा अभियंत्यांनी गळती होणार हे मान्यच केले आणि तिची दिशा तेवढी ठरवून दिली. बाहेरच्या बोळापेक्षा प्रयोगशाळेत हवेचा दाब कमी. प्रयोगशाळेपेक्षाही, रबरी हातमोज्यांतून जिच्यात काम करतात त्या बंद पेटीत आणखी कमी. त्यामुळे हवा नेहमी स्वच्छ जागेकडून दूषित जागेकडे जाते आणि शेवटी गाळण्यांतून गाळून धुराड्यावाटे बाहेर पडते. हा फरक असतो केवढा? बहुधा पाण्याच्या काही मिलिमीटर उंचीएवढा. एरवी वातावरणाचा दाब तोलायला दहा मीटर पाणी लागते!

माझी हयात बँकेत गेली, त्यामुळे ही रीत मला चटकन पटली. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे, रोज संध्याकाळी रोकड जुळवायची. माणसाच्या हातून चूक होणार हे धरून, ती बाहेर जाण्याआधी आतच सापडावी अशी ती मांडणी असते.

मात्र इथे सारी भिस्त पंख्यांवर. हवा बाहेर ओढणारा पंखा थांबला, तर आत हवा ढकलणारा पंखाही तत्काळ थांबला पाहिजे. नाहीतर दिशाच उलटते. आणि आग लागली तर?

अमेरिकेत डेन्व्हर शहराजवळ रॉकी फ्लॅट्स येथे अणुबाँबसाठी प्लुटोनियमचे भाग बनवीत. ११ सप्टेंबर १९५७ च्या रात्री तिथल्या एका पेटीत प्लुटोनियमने पेट घेतला. धूर ओढला जावा म्हणून पंखे जोरात चालवले गेले. आग त्या झोताबरोबर गाळण्यांपर्यंत पोहोचली. गाळण्या जळण्याजोग्या होत्या. त्या पेटल्या, स्फोट झाला आणि प्लुटोनियम धुराड्यातून बाहेर पडले. पुढे अशा ठिकाणी न जळणाऱ्या काचतंतूंच्या गाळण्या आल्या.

आसपासच्या कुटुंबांना त्या वेळी कोणी खरे काय ते सांगितले नाही. १९६९ मध्ये तिथे पुन्हा मोठी आग लागली. त्यानंतर स्वतंत्र शास्त्रज्ञांनी माती तपासली, तेव्हा कुंपणाबाहेर प्लुटोनियम आढळले आणि १९५७ ची हकिगत लोकांपर्यंत आली.

पंखे आणि गाळण्या सुधारता येतात, सुधारल्याही. पण दूषित हवा कोंडणारे लोक अनेकदा तिच्याबरोबर बातमीही कोंडतात. हवा आतच राहिली पाहिजे, हे खरे. बातमी मात्र शेजारच्या घरात राहणाऱ्या आईबापांना त्याच दिवशी कळली पाहिजे.