दहा विजेतेपदे, मानधन शून्य!

२७ सप्टेंबर २०१४. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर किल्केनी आणि टिपरेरी यांच्यात हर्लिंगच्या अखिल आयर्लंड अजिंक्यपदाचा पुनर्सामना रंगला होता. आधीची अंतिम लढत बरोबरीत सुटली होती. पुनर्सामन्याच्या अखेरच्या टप्प्यात किल्केनीकडून पस्तीस वर्षांचा एक राखीव खेळाडू मैदानात उतरला. किल्केनीने सामना जिंकला आणि या खेळाडूच्या नावावर दहावे अखिल आयर्लंड विजेतेपद जमा झाले. त्याआधी हा पल्ला कुणीच गाठला नव्हता. त्याचे नाव हेन्री शेफ्लिन. मात्र या दहा विजेतेपदांसाठी त्याला पगार किंवा मानधन म्हणून एक छदामही मिळाला नाही.

हर्लिंग हा आयर्लंडचा प्राचीन राष्ट्रीय खेळ. त्याची परंपरा किमान दोन-तीन हजार वर्षांची असल्याचे मानले जाते. युनेस्कोने २०१८ मध्ये त्याचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. प्रथमदर्शनी तो हॉकीसारखा भासतो. परंतु हॉकीत चेंडू प्रामुख्याने जमिनीवर खेळवला जातो, तर हर्लिंगमध्ये तो बहुतांश वेळ हवेत असतो. प्रत्येक संघात पंधरा खेळाडू असतात. हाती अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाची, टोकाला चपटी व रुंद अशी काठी आणि चामड्याचे वेष्टण असलेला लहानसा टणक चेंडू, एवढेच साहित्य. खेळाडू चेंडू हातात झेलू शकतो, पण तो हातात धरून चारपेक्षा अधिक पावले टाकता येत नाहीत. म्हणून काठीच्या टोकावर चेंडू तोलत धावायचे, तो उडवायचा आणि हवेतच टोलवायचा. इंग्रजी 'एच' अक्षराच्या आकाराच्या खांबांमध्ये आडव्या दांडीखालून चेंडू गेला की गोल, म्हणजे तीन गुण. दांडीवरून गेला की एक गुण. चेहरा झाकणारे शिरस्त्राण सर्वच खेळाडूंसाठी बंधनकारक झाले ते थेट २०१० मध्ये. यावरून या खेळातील निर्भयतेची आणि धोक्याचीही कल्पना यावी.

१८८४ मध्ये स्थापन झालेली गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन ही संस्था या खेळाचा कारभार पाहते. तिचा एक दंडक आजही कायम आहे, तो म्हणजे खेळाडूंनी हौशी राहण्याचा. क्रोक पार्कवर ८२ हजार प्रेक्षक जमले तरी खेळणाऱ्याला वेतन नाही. प्रवासखर्च आणि २००८ पासून मिळू लागलेले माफक सरकारी अनुदान, एवढीच काय ती प्राप्ती. खेळाडू शिक्षक असतो, शेतकरी असतो, पोलीस असतो. शेफ्लिन बँकेत नोकरी करीत असे. दुसरा दंडक भूमीचा. खेळाडू सहसा आपल्या गावच्या क्लबकडून आणि आपल्या परगण्याच्या संघाकडूनच खेळतो. मोठी बोली लावून त्याला विकत घेणारा कुणी नसतो.

११ जानेवारी १९७९ रोजी जन्मलेला शेफ्लिन किल्केनी परगण्यातील बॅलिहेल या छोट्याशा गावचा. बॅलिहेल शॅमरॉक्स हा त्याचा क्लब. १९९९ मध्ये, प्रशिक्षक ब्रायन कोडी यांच्या पहिल्याच मोसमात, त्याने किल्केनीच्या वरिष्ठ संघातून अजिंक्यपद स्पर्धेत पदार्पण केले. त्या वर्षी अंतिम फेरीत कॉर्ककडून अवघ्या एका गुणाने पराभव पत्करावा लागला. पुढच्याच वर्षी पहिले विजेतेपद लाभले. त्यानंतर २००२, २००३ आणि २००६ ते २००९ अशी सलग चार वर्षे किल्केनीने चषकावर नाव कोरले. जवळपास एक लाख लोकवस्तीच्या परगण्याने गाजवलेले हे वर्चस्व थक्क करणारे होते आणि शेफ्लिन त्याचा कणा होता.

या झळाळीची किंमत त्याच्या गुडघ्याने मोजली. २००७ मध्ये तो संघाचा कर्णधार होता. अंतिम सामन्यातच त्याच्या गुडघ्याचा क्रुशिएट लिगामेंट हा अस्थिबंध फाटला. संघ जिंकला, पण उत्तरार्धात कर्णधार मैदानाबाहेर होता. हा अस्थिबंध गुडघ्याला स्थैर्य देतो. तो तुटला तरी सरळ रेषेत धावणे कदाचित जमते. मात्र वेगात असताना अचानक वळायचे म्हटले की पाय दगा देतो. शस्त्रक्रियेनंतर पुनरागमनास अनेक महिने लागतात. शेफ्लिन २००८ मध्ये परतला आणि पुन्हा विजेता ठरला.

२०१० मध्ये सलग पाचव्या विजेतेपदाचे वेध लागलेले असताना, उपान्त्य सामन्यात तीच दुखापत पुन्हा उद्भवली. अंतिम लढत चार आठवड्यांवर आली होती. शस्त्रक्रिया टाळून, मांडीचे स्नायू बळकट करून खेळण्याचे धाडस त्याने केले. सामना सुरू झाला. जेमतेम पाव तासात त्याला मैदान सोडावे लागले. टिपरेरी जिंकली आणि पाच विजेतेपदांचे स्वप्न भंगले. पूर्ण मोबदला घेणाऱ्या व्यावसायिक खेळाडूच्या करारात अशा जुगाराला कदाचित थारा मिळाला नसता. परंतु ज्याला करारच नाही, त्याच्यावर बंधन असते ते केवळ आपल्या माणसांच्या अपेक्षांचे. ते अधिक हळवे असते आणि अधिक कठोरही.

तो पुन्हा उभा राहिला. २०११ मध्ये किल्केनीने टिपरेरीला हरवून वचपा काढला. २०१२ ची गॉलवेविरुद्धची अंतिम लढत बरोबरीत सुटली. त्या सामन्यात शेफ्लिनने एकट्याने बारा गुण नोंदवले. अखेरच्या मिनिटांत मिळालेल्या पेनल्टीवर गोलचा मोह टाळून त्याने चेंडू दांडीवरून धाडला व एका गुणावर समाधान मानले. गॉलवेने नंतर बरोबरी साधल्याने या निर्णयावर बरीच चर्चा झाली. पुनर्सामना जिंकून किल्केनीने ती मिटवली. त्या वर्षी तिसऱ्यांदा वर्षातील सर्वोत्तम हर्लिंगपटू ठरणारा तो पहिलाच खेळाडू.

पण काळ कुणासाठी थांबत नाही. २०१३ मध्ये कॉर्कविरुद्ध त्याला मैदानाबाहेर काढण्यात आले. अजिंक्यपद स्पर्धेतील दीर्घ कारकिर्दीत हा प्रसंग त्याच्यावर प्रथमच ओढवला. २०१४ मध्ये त्याच्या वाट्याला राखीव खेळाडूचे आसन आले. ज्याच्याभोवती संघ उभा राहिला, त्याने चार-पाच मिनिटांच्या संधीसाठी बाकावर वाट पाहायची, हे सोपे नव्हे. त्याने ते स्वीकारले. कोडी यांच्या संघात नावापेक्षा सरावातील कामगिरीला मोल होते, हे तोही जाणून होता.

१७ मार्च २०१५ रोजी बॅलिहेलसाठी अखिल आयर्लंड क्लब विजेतेपद पटकावून त्याच महिन्यात त्याने परगण्याच्या संघातून निवृत्ती जाहीर केली. ७१ सामने, २७ गोल आणि ४८४ गुण, म्हणजे एकूण ५६५ गुण, ही त्याची अजिंक्यपद स्पर्धेतील कमाई. गुणांचा हा विक्रम २०२१ मध्ये गॉलवेच्या जो कॅनिंगने मोडला. पुढे प्रशिक्षक म्हणून शेफ्लिनने बॅलिहेलला २०१९ आणि २०२० मध्ये क्लब अजिंक्यपद मिळवून दिले आणि २०२२ ते २०२४ या काळात गॉलवेची धुरा वाहताना आपल्याच किल्केनीविरुद्ध डावपेचही आखले.

विक्रम मोडण्यासाठीच असतात. मात्र दिवसभर नोकरी करून संध्याकाळी सरावाला जाणाऱ्या, फाटलेल्या गुडघ्यानिशी पुन्हा पुन्हा उभ्या राहणाऱ्या आणि अखेर बाकावर बसण्याचीही लाज न बाळगणाऱ्या खेळाडूची थोरवी आकड्यांत मावत नाही. हौशी या शब्दाला आपल्याकडे 'कच्चा' असा गर्भित अर्थ चिकटला आहे. शेफ्लिनची सोळा मोसमांची कारकीर्द तो अर्थ पुसून टाकते.