सुईला भ्या वाटतंय म्हणून टीटी चुकवू नका



गळ हातात घुसला, चिलापीचा काटा बोटात मोडला, शिंगाळ्यानं तळहात फोडला, की आपण काय करतो? हळद दाबायची, चिंधी बांधायची आणि परत होडीत. टीटी घेतलं का विचारलं की "बघू उद्या". हिडकल जलाशय असो नाहीतर निपाणीकडचा वेदगंगा-दूधगंगेचा काठ, उत्तर तेच. खोदून विचारलं की बऱ्याच जणांचं खरं कारण बाहेर येतं. सुईची भीती.

पुराच्या पाण्यात होडी घालणारा गडी सुईला भितो म्हणून हसू नका. साप दिसला तर छाती धडधडते आणि माणूस पळतो. सुई किंवा रक्त दिसल्यावर काही जणांचं उलटं होतं. रक्तदाब आधी चढतो आणि मग एकदम उतरतो, ठोके मंदावतात, डोळ्यांपुढं अंधारी येते. बापाला असेल तर पोरालाही असतंय, असं बऱ्याच घरांत दिसतं. अशा माणसाला नुसतं "धीर धर" सांगून काय होणार?

यावर उपाय आहे, आणि तो आपल्याच कामासारखा आहे. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-यूरान ओस्ट यांनी 1980 च्या दशकात तो शोधनिबंधांतून मांडला. भरलेलं जाळं ओढताना अंग ताठ करतो ना, तसं बसल्या जागी हात, पाय, पोट आवळायचं. 10 ते 15 सेकंद, तोंडावर गरम वाटेपर्यंत. मग 20-30 सेकंद सैल सोडायचं. असं पाच वेळा. यानं रक्तदाब खाली पडत नाही. घरी आठवडाभर सवय करा, आणि सुई घेताना तेवढा तो हात सैल ठेवा, नाहीतर जास्त दुखतं. ज्यांना चक्कर येत नाही, नुसती धास्ती वाटते, त्यांनी मान फिरवून सावकाश श्वास सोडला तरी पुष्कळ.

आणि आधी सांगा. लाज कसली? सिस्टर कन्नड बोलणाऱ्या असतील तर "ननग सूजी अंद्र अंजिकी" एवढं म्हणा, म्हणजे मला सुईची भीती वाटते. आडवं झोपवून सुई द्यायला सांगा. नंतर पंधरा मिनिटं उठायची घाई नको, गाडीवर तर लगेच बसूच नका.

टीटी एवढं कशाला, असं काही मामा लोक विचारतात. धनुर्वाताचे जंतू गंजात नसतात, ते मातीत, शेणात, काठावरच्या चिखलात असतात. म्हणजे आपण रोज जिथं उभे राहतो तिथंच. जखम वरून भरलेली दिसते आणि आठ-दहा दिवसांनी जबडा आवळायला लागतो. त्या टप्प्याला दवाखान्यात एक नाही, कितीतरी सुया लागतात, आणि तरी माणूस हाताला लागेल याची खात्री नसते. खोल किंवा मळकी जखम असेल आणि आधीच्या टीटीला 5 वर्षं उलटली असतील तर त्याच दिवशी जा.

ही भीती आजची नव्हे. बेळगावात टिळकवाडीचं व्हॅक्सिन डेपो मैदान सगळ्यांना माहीत आहे, पण नाव कशावरून पडलं ते पोरांना ठाऊक नसतं. ब्रिटिश काळापासून तिथं वासरांच्या अंगावर देवीची लस तयार व्हायची. तेव्हाची टोचणी म्हणजे दंडाची कातडी खरवडणं, आजच्या बारीक सुईपेक्षा कितीतरी वाईट. गावात देवी डॉक्टर आला की पोरं लपवायचे. तरी लोकांनी दंड पुढं केले. 1975 च्या मे महिन्यात देशात देवीचा शेवटचा रुग्ण सापडला, 1980 मध्ये जगातून रोग गेल्याचं जाहीर झालं. घरात आजी असेल तर तिच्या दंडावरचा व्रण बघा.

पोरांना "गप बस, नाहीतर डॉक्टरला सांगून सुई द्यायला लावीन" असं म्हणणं आजपासून बंद करा. आणि "दुखणार नाही" असंही सांगू नका, "मुंगी चावल्यागत होईल, मी धरतो" म्हणा. मांडीवर ताठ बसवून धरा. अंगावर पिणारं बाळ असेल तर आईनं पाजत पाजत सुई घेतली तर चालते.

एक राहिलंच. मासळी बाजारात कुत्री असतातच. कुत्रं चावल्यावर पोटात 14 सुया हे जुनं झालं, ती लस देशात बंद होऊन वीस वर्षं झाली. आता सुई दंडात, चावल्यावर पहिल्या दिवशी आणि मग तिसऱ्या, सातव्या, अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त आलं असेल तर जखमेतही औषध टोचतात, ते टाळू नका. दवाखान्यात निघण्याआधी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा.